आशाच वाटत नसेल तर कोणतं स्तोत्र वाचावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आईवर परळला उपचार चालू आहेत. तुम्ही रोज रात्री बायबलातलं 23वं स्तोत्र वाचायला घेता, पण ‘मला काही उणे पडणार नाही’ या ओळीपाशी आवाज फुटत नाही. मग काही दिवस ते बाजूला ठेवा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यांतली कितीतरी रडणाऱ्या माणसांचीच आहेत.

मी 130वं सांगेन. आठच वचनं आहेत. आपल्याकडे वारीत वाटेनं अभंग म्हणतात, तशी यरुशलेमेच्या यात्रेला जाताना म्हणत असं मानतात ती आरोहणस्तोत्रं, त्यांतलं हे एक. सुरुवातच खोल गर्तेतून मारलेल्या हाकेनं होते.

बाबांच्या आजारपणात सात आठवडे मी रात्रीची सोबत करायचे, परळलाच. बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेले नातेवाईक चादरी पसरून झोपलेले असायचे. तीनच्या सुमाराला वॉर्डात बसवेनासं झालं की मी गेटवर यायचे. तिथले वॉचमन काका सारखे घड्याळ बघायचे. एकदा म्हणाले, “पहिल्या लोकलचा भोंगा ऐकला ना, की सुटल्यासारखं वाटतं. मग उजाडतंच.”

सहाव्या वचनात हेच आहे. पहारेकरी पहाटेची वाट बघतात, त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो. आणि ती पहाऱ्याची ओळ लगेच पुन्हा येते, रात्र सरत नाही म्हणून एकच वाक्य दोनदा तोंडून निघावं तशी. पहारेकऱ्याच्या हातात सूर्य नसतो. त्याला नुसतं जागं राहायचं असतं. मला तोवर वाटायचं, आशा म्हणजे मनाला उभारी वाटणं. ती मला वाटत नव्हती, म्हणून माझा विश्वासच संपला, असं धरून बसले होते. हिब्रूत ‘वाट पाहणे’ आणि ‘आशा’ एकाच धातूतून येतात, हे नंतर कळलं आणि मी खूप रडले. तुम्ही आईच्या उशाशी जागताय, ताई. तुम्ही आशाच धरून बसला आहात.

बाबा घरी आले नाहीत. हे तुमच्यापासून लपवणार नाही. तरी ते स्तोत्र मला खोटं ठरलं नाही, कारण त्यात माणूस बरा होईल असं वचनच नाही. शेवटी तो एकटा हाक मारणारा वळून सगळ्या इस्राएलाला सांगतो, तुम्हीही आशा धरा. त्याची स्वतःची पहाट झाली की नाही, ते स्तोत्रात कुठेच येत नाही.

आज रात्री ते मोठ्यानं वाचा, आईला ऐकू जाईल असं. मीही तीनला उठून वाचते.