कोकणातल्या घरात लहान मुलांसोबत हस्तकला : विकतचे संच आणि घरातली कामे

आपण विचारले आहे की, पुण्याहून दापोलीजवळच्या सासरच्या घरी राहायला आल्यापासून साडेचार वर्षांच्या मुलीसाठी आणलेले हस्तकलेचे संच पावसाळा लागताच निरुपयोगी झाले आहेत. कागद मऊ पडतो, गोंद वाळत नाही, मुलगी वस्तू अर्धवट टाकून उठते, दीड वर्षाचा मुलगा हाती येईल ते तोंडात घालतो आणि घरभर होणाऱ्या पसाऱ्याने सासूबाई त्रासतात. मी गुहागरकडच्या एका एकत्र कुटुंबात राहते. माझी मुले आता कॉलेजात जातात, पण धाकट्या दिरांची मुले लहान असल्यामुळे हे सगळे आमच्या पडवीत अजून रोज चालू असते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

गोंदाचे कारण सोपे आहे. बाजारात मिळणारा पांढरा गोंद त्यातले पाणी उडून गेल्यावरच घट्ट होतो. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, कुठे कुठे त्याहून जास्त पाऊस पडतो आणि आषाढात हवाच इतकी दमट असते की पाणी उडून जायला जागा नसते. मीठ-कणकेची माती पुष्कळजण सुचवतात, पण मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून आपल्याकडे त्या वस्तू वाळण्याऐवजी पाझरू लागतात. शिवाय दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात एवढे मीठ जाणे चांगले नाही. कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी स्वतःसाठी शोधलेले हे उपाय आहेत. ते इथे चालले नाहीत यात मुलीचा दोष नाही आणि आपलाही नाही.

मुलगी काम अर्धवट का टाकते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संचातले फुलपाखरू पूर्ण झाल्यावर त्याचे पुढे काय होणार असते? दोन दिवस ते फ्रिजवर राहते आणि मग केरात जाते. साडेचार वर्षांच्या मुलाला हे नेमके कळते. याच मुलीला देवासाठी कापसाचे वस्त्र करायला बसवा आणि ते वस्त्र दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच देवाला वाहिले जाईल असे तिला सांगा, मग ती ते पुरे करते की नाही ते पाहा. हस्तकलेसाठी वेगळा तास राखण्यापेक्षा घरात वर्षभर जे काही हाताने केले जाते त्यात मुलांना खरा वाटा द्यावा, एवढेच माझे सांगणे आहे. पुढे जे लिहीत आहे ते सगळे त्याच्याच पोटातले आहे.

सुरुवात सासूबाईंपासूनच करावी, असे मी सुचवीन. त्यांना वाती वळता येत असतील, वस्त्रमाळा करता येत असतील, बहुधा पत्रावळही टाचता येत असेल. आपण संच आणता तेव्हा त्या पाहुण्यासारख्या बाजूला राहतात आणि त्यांच्या वाट्याला फक्त केर येतो. आपण त्यांना, "आई, हिला वस्त्र करायला शिकवाल का?" असे विचारले तर शिकवणारी व्यक्ती बदलते आणि पसाऱ्याकडे पाहण्याची दृष्टीही. कापूस पिंजून पेळू करणे, ठरावीक अंतरावर ओल्या बोटांनी तो पिळणे आणि मधल्या फुगीर भागांवर कुंकवाचे बोट लावणे या तीन कृतींत बोटांना जो व्यायाम मिळतो, तो पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो. पहिली वस्त्रे वेडीवाकडीच होतील. ती तशीच देवाला वाहावीत. मूल झोपल्यावर मोठ्या माणसाने ती नीट करून ठेवू नयेत, कारण सकाळी मूल आपले काम ओळखते.

पसाऱ्यासाठी आमच्याकडे एकच नियम आहे. सामान सुपात घ्यायचे, सूप पडवीत ठेवायचे आणि काम संपल्यावर उरलेले पुन्हा सुपातच भरायचे. सुपात मावेल एवढेच सामान घ्यायचे असल्यामुळे वेगळे ओरडावे लागत नाही.

आता साहित्याविषयी. आपल्या घराभोवती माड आणि पोफळी असतील तर बाजारातून फार थोडे आणावे लागेल. माडाच्या पातीचे भिरभिरे मी थोडे तपशिलाने सांगते, कारण ते पावसातही बिघडत नाही. फार कोवळ्या नाहीत आणि निबरही नाहीत अशा दोन पाती घ्याव्यात आणि मधला हीर काढावा, म्हणजे चार पट्ट्या मिळतात. प्रत्येक पट्टी साधारण दोन वितींची कापून मधोमध दुमडावी. पहिल्या पट्टीच्या दोन पदरांमध्ये दुसरी आडवी धरावी, दुसरीच्या पदरांत तिसरी, तिसरीच्या पदरांत चौथी, आणि चौथीची टोके पहिलीच्या दुमडीतून ओवून घ्यावीत. मग चारी बाजूंची टोके हळूहळू एकाच वेळी ओढली की मध्ये घट्ट चौकोन बसतो आणि चार दिशांना चार पाकळ्या येतात. पाकळ्यांचे दोन पदर किंचित फाकवले की ते वारा धरतात. चौकोनाच्या मधोमध हीर घालून पुढच्या टोकाला पातीची गाठ मारावी, म्हणजे भिरभिरे निसटत नाही आणि हिराचे टोक डोळ्याला लागण्याची भीतीही राहत नाही. ओवण्याचे काम साडेचार वर्षांच्या मुलीला एकटीने जमणार नाही. चौकोन आपण धरावा आणि ओढण्याचे काम तिला द्यावे. तो चौकोन हातात आवळत जातो तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. नंतर ते घेऊन ती अंगणभर धावेल, आणि दोन दिवसांनी ते सुकले की नवीन करता येईल.

धाकट्यासाठी पोफळीची विरी, म्हणजे झावळीच्या बुंध्याचा रुंद, खोलगट भाग, आहेच. गळून पडलेली रुंद विरी स्वच्छ धुऊन पुसावी, तिच्यात त्याला बसवावे आणि झावळीचा दांडा ताईच्या हातात द्यावा. घासलेल्या करवंट्या, ज्यांच्या कडा दगडावर गुळगुळीत केल्या आहेत, पाणी ओतायला आणि वाजवायला पुरतात. या वयात त्याने काही बनवावे अशी अपेक्षा ठेवू नये. वस्तू हाताळणे हेच त्याचे काम आहे. फणसाचे पान मात्र दोघांनाही कामाचे. ते जाड असल्याने आकार धरून ठेवते. जून महिन्यात संध्याकाळी वीज जाते, तेव्हा त्या पानाचा पक्षी किंवा मासा कातरून हिरावर टोचावा, दोरीवर जुने पांढरे धोतर टाकावे आणि मागून विजेरी लावावी. पान विजेरीजवळ नेले की सावली मोठी होते आणि धोतराजवळ आणले की लहान व रेखीव होते, हे मुले स्वतःच शोधून काढतात. कुडाळजवळच्या पिंगुळीला जाण्याचा योग आला तर तिथल्या ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रे दाखवत सांगितलेल्या कथा) मुलांना जरूर दाखवाव्यात. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. घरी पानाची सावली नाचवलेले मूल तिथे जे पाहते ते नुसत्या प्रेक्षकासारखे पाहत नाही. तिथून सावंतवाडी जवळच आहे. चितार आळीतली लाकडी फळे आणि हाताने रंगवलेले गोल गंजिफे, म्हणजे खेळायचे पत्ते, मुलांना आवडतात. दशावतारी गंजिफ्यात १२० पाने असतात, प्रत्येक अवताराची बारा. मोठ्या मुलीला एवढे सांगितले की ती घरी येऊन पुठ्ठ्याचे गोल कापायला मागेल.

रंगांसाठीही घरातच पुष्कळ आहे. हळदीचा पिवळा, कोळशाचा काळा, जांभ्याच्या मातीचा तांबडा आणि रातांब्याचा (कोकमाच्या फळाचा) लाल हे चार रंग पुरेसे आहेत. हळदीने रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याने बोट फिरवले की तिथे तांबडी रेघ उमटते, आणि गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळले की ते जांभळे होते. हळदीचा रंग उन्हात उडतो, मातीचा टिकतो, म्हणून टिकवायची चित्रे मातीने रंगवावीत. हळदीत चुना घालूनही लाल रंग होतो, पण चुना डोळ्यांत गेला तर डोळ्यांना गंभीर इजा होते. लहान मुलांसमोर तो काढूच नये.

चिकटवण्यासाठी खळ करावी. एक वाटी मैदा गार पाण्यात गुठळी न राहता कालवून घ्यावा, त्यात चार-पाच वाट्या उकळते पाणी घालून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. आकाशकंदिलाच्या कामट्यांना पतंगाचा कागद या खळीने उत्तम बसतो, आणि दिवाळीपर्यंत हवा कोरडी झालेली असल्यामुळे ती वाळतेही लवकर. झुरळे लागू नयेत म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत असत. मोरचूद विषारी आहे. ज्या घरात दीड वर्षाचे मूल आहे तिथे तो नको. थोडीच खळ करावी आणि दुसऱ्या दिवशी उरलेली टाकून द्यावी.

याच ठिकाणी मला जरा कडकपणे काही सांगायचे आहे, कारण शहरातून आलेल्या आईवडिलांना परसातली प्रत्येक वस्तू निरुपद्रवी वाटते. गुंजा दिसायला सुंदर असतात, पण त्यांची माळ मुलांकडून करवून घेऊ नये. अख्खी गुंज कठीण कवचामुळे कदाचित तशीच बाहेर पडेल, मात्र टोचलेली किंवा चावलेली गुंज जिवावर बेतू शकते. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या, काजऱ्याची नारिंगी फळे आणि गणपतीच्या मंडपीला बांधली जाणारी कळलावी ही सगळी विषारी आहेत. कच्च्या काजूबीच्या टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. यांपैकी काही मुलाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण काहींची लक्षणे काही तासांनी दिसतात आणि तोवर वेळ गेलेला असतो. विष नसलेल्या वस्तूंबाबतही आकाराकडे लक्ष असावे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सव्वातीन सेंटिमीटरहून लहान काही लागू नये. म्हणजे चिंचोके, सागरगोटे, बारीक शिंपले हे सगळे मोठ्या मुलीच्या सुपात, आणि धाकटा जागा असताना ते सूप उंचावर. समुद्रावरून शंख आणताना आत जीव आहे का हे आधी पाहावे. असेल तर तो तिथेच पाण्यात सोडावा, आणि हे मुलीच्या हातून करवावे.

आता लगेच काय करावे, असे आपण शेवटी विचारले आहे. श्रावण जवळ आला आहे. नागपंचमीच्या आधीपासून आपल्या गावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, माती मळणे सुरू झालेले असेल. मुलीला घेऊन एका दुपारी तिथे जावे, पण मूर्तिकारांची घाई असते, म्हणून त्यांना विचारून आणि थोडाच वेळ. निघताना माती मागावी. मूठभर मातीला सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्या मातीचा गणपतीसाठी उंदीर करताना शरीर, कान आणि शेपूट एकाच गोळ्यातून ओढून काढावेत, कारण वेगळे करून लावलेले कान वाळताना सुटतात. लावायचेच झाले तर दोन्ही बाजू काडीने खरवडून मध्ये पातळ चिखल भरावा. उंदीर अंगठ्याएवढ्या जाडीचाच असावा आणि सावलीत वाळवावा. चुलीजवळ किंवा उन्हात ठेवला तर बाहेरची माती आधी आकसते, आतली ओलीच राहते आणि त्याला तडे जातात. या हवेत त्याला आठवडा, दहा दिवस लागतील. तेवढे दिवस तो रोज उलटून ठेवण्याची जबाबदारी मुलीला द्यावी.

चतुर्थीला मोदकांची उकड थोडी जास्तच काढावी. उरलेल्या उकडीत जिरे, मिरची, मीठ घालून निवगऱ्या करतातच. मुलांसाठी मिरची न घालता एक गोळा बाजूला ठेवावा आणि कोमट झाला की दोघांच्या हाती द्यावा. मुलगी पक्षी करील, मासे करील, धाकटा नुसता थापटेल आणि खाईल, आणि त्याने खाल्ले तरी काही बिघडणार नाही. दोघांनी केलेले सगळे मोदकांसोबतच वाफवून पानात वाढावे. तिचा उंदीर गणपतीच्या पाटाजवळ कुठे ठेवायचा, हे सासूबाईंनाच ठरवू द्या, आणि विसर्जनाला तोही मूर्तीबरोबर जाणार आहे हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी ती तो हातातून सोडणार नाही.