खोल पाणी त्यांचं

चि.,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रवासाचा आराखडा दोनदा वाचला. दहा दिवसांत आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा, बोत्स्वानातलं चोबे अभयारण्य, करिबा धरण, झिम्बाब्वेतलं माना पूल्स अभयारण्य आणि वर झांबियातलं लुआंग्वा! टाकाऊ यातलं काहीच नाही, पण एवढं सगळं कोंबलंस तर जनावरांपेक्षा धावपट्ट्याच जास्त बघून येशील. करिबा आणि लुआंग्वावर या खेपेला काट मार. धबधब्यापाशी दोन रात्री, चोबेला दोन, आणि उरलेले सगळे दिवस माना पूल्सला दे. त्यातलेही निम्मे जीपऐवजी होडीत घालव. सहल आखून देणारा कुरकुर करेल. करू दे.

सप्टेंबरची अखेर निवडलीस ते उत्तम. मे ते ऑक्टोबर पाऊस जवळपास नसतोच, आतले पाणवठे आटत जातात आणि जनावरं झांबेझी नदीच्या काठाला लागतात. ऑक्टोबरात ती आणखी दिसतात हे खरं, पण तेव्हा खोऱ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तंबूत दुपार काढताना जीव नकोसा होतो. या दिवसांत धबधब्याला पाणी कमी असेल, त्याची हळहळ नको. वरच्या अंगाला झांबिया-अंगोलात पडलेला पाऊस पूरमैदानांतून सावकाश उतरत एप्रिलच्या सुमाराला इथे पोचतो. तेव्हा १,७०८ मीटर रुंदीची अख्खी कड कोसळत असते, पण तुषारच इतके उडतात की समोर उभं राहून पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. सप्टेंबरात निदान कातळ दिसतो, शंभर मीटरहून खोल घळ तळापर्यंत दिसते. फक्त झिम्बाब्वेच्या बाजूनं बघ. झांबियाकडची कड तोवर बरीचशी कोरडी पडते.

चोबेला संध्याकाळच्या बोटीत गर्दी असते, हे आधीच सांगून ठेवते. हत्तींचे कळप सेडुडू बेटावरच्या गवतासाठी नदी पोहून जातात, सोंडा पाण्याबाहेर, पिल्लं मोठ्यांच्या मध्ये. हेच ते बेट, ज्यावरून नामिबिया आणि बोत्स्वाना आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये निकाल बोत्स्वानाच्या बाजूनं लागला. हत्ती पाण्यात उतरले की बोटी त्यांच्याभोवती कोंडाळं करतात. जीपचंही तेच. वायरलेसवर सिंहाची बातमी आली की सगळ्या गाड्या धुरळा उडवत तिकडे. पहिल्याच दिवशी गाइडला स्पष्ट सांग की तुला सिंहाच्या मागे धावायचं नाही, एका पाणवठ्यावर दोन तास बसवलंत तरी चालेल. चांगला गाइड हे ऐकून खूश होतो. नाही झाला, तर तो कसा आहे ते तुला तिथेच कळेल.

आता मानाच्या होडीबद्दल. ती अरुंद कॅनू असते, दोघांची, आणि तिला इंजिन नसतं. तू मेलमध्ये मगरींची काळजी लिहिली आहेस. मगरी आहेतच, त्यामुळे हात पाण्यात सोडून बसायचं नाही आणि काठावर भांडं बुडवायलाही गाइडला विचारल्याशिवाय वाकायचं नाही. पण दिवसभर लक्ष ठेवावं लागतं ते पाणघोड्यांवर. दीड टनाचं हे जनावर बिथरलं की खोल पाण्याकडे पळतं, आणि मधे जो येईल त्याला तुडवून जातं. म्हणून होडी नेहमी काठाच्या उथळ पाण्यातून न्यायची आणि खोल धार त्यांच्यासाठी मोकळी ठेवायची. वळणाच्या अलीकडे गाइड वल्ह्यानं होडीच्या कडेवर ठकठक वाजवतो. पुढे पाण्याबाहेर आधी कान दिसतात, मग डोळे. ते तुझ्याकडे रोखून बघतात, नाकातून फुसकारा टाकतात आणि एकेक करून खाली जातात. पाच मिनिटं ते वर येत नाहीत. त्या पाच मिनिटांत तू डोकी मोजशील, आठ होती, वर सातच आली, आठवं कुठे? आठवं सापडेपर्यंत होडी हलत नाही. कधी वाळूच्या दांड्याला टेकून अर्धा तास बसावं लागतं, डोक्यावर ऊन आणि समोर रिकामं पाणी. पहिल्या दिवशी तू चुळबुळ करशील. जीपमध्ये आपण जनावरांच्या अंगावर जातो, इथे आपण बाजूला सरायचं असतं, आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. मला विचारशील तर नदीची खरी मजा याच सक्तीच्या थांबण्यात आहे, कारण एरवी जे आपण ओलांडून गेलो असतो ते तेव्हाच दिसतं. सप्टेंबरात काठाच्या उभ्या मातीत किरमिजी वेड्या राघूंची वसाहत असते. भिंतीला शेकडो बिळं, आणि होडी जवळ आली की ती सगळी भिंतच उडाल्यासारखी वाटते.

दुपारी समोरून वारा सुटला की मात्र मजा संपते. लाटा उठतात, खांदे भरून येतात, तळहाताला फोड येतात. हातमोजे ने, सायकलवाले घालतात तसले चालतील.

ज्या पाण्यावर तू वल्हं मारशील ते करिबा धरणातून सोडलेलं असतं, म्हणून करिबाला गेली नाहीस तरी त्याची गोष्ट माहीत असू दे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस धरण झालं आणि पाणी चढू लागलं, तेव्हा बेटांवर अडकलेली सुमारे ६,००० जनावरं होड्या लावून वाचवली. ऑपरेशन नोआ हे नाव तुला तिथे ऐकायला मिळेलच. त्याच पाण्यासाठी सुमारे ५७,००० टोंगा लोकांना नदीकाठची शेतं सोडून कोरड्या माळावर जावं लागलं, हे मात्र कुणी आपणहून काढत नाही. तू विचार.

माना पूल्समध्ये पायी फिरता येतं. तिथे परवाना काढून गाइडशिवायही चालू देतात, पण त्या भानगडीत पडू नकोस. बंदूकधारी, परवानाधारक गाइड घे आणि त्याच्या मागे एका ओळीत, न बोलता चाल. अ‍ॅना नावाची मोठी झाडं दिसतील. ती पावसाळ्यात पानं गाळतात आणि कोरड्या दिवसांत हिरवी असतात, म्हणून बाकी रान वाळलेलं असताना सावली आणि चारा त्यांच्याच खाली. त्यांच्या नारिंगी, पिळवटलेल्या शेंगा हत्तींचा जीव की प्राण. काही मोजके नर मागच्या दोन पायांवर उभे राहून वरच्या फांद्या ओढतात. सगळ्यांना ते जमत नाही, आणि तुला दिसेलच असं नाही. दिसलं तर कॅमेरा काढण्याआधी नीट बघ. तो आधी सोंड ठेवून अंदाज घेतो, मग वजन मागच्या पायांवर घेतो, आणि शेवटच्या क्षणी पुढचे पाय अगदी हलके उचलतो.

कपड्यांचं थोडक्यात. निळा आणि काळा रंग घरीच ठेव, त्सेत्से माश्या त्याच रंगांवर येतात आणि कापडातूनही चावतात. लष्करी ठिपक्यांचा कपडा तर मोज्यापुरताही नको, तिकडे सामान्य माणसानं तो घालणं हा गुन्हा आहे. पहाटे उघड्या जीपमध्ये कुडकुडशील, दहा वाजता घाम पुसशील, म्हणून एकावर एक घालता-काढता येईल असंच घे. बॅग मऊ हवी, चाकांची नको. छोट्या विमानात साधारण १५ ते २० किलोच नेऊ देतात. माना पूल्समध्ये ताजी फळं नेता येत नाहीत, वासानं हत्ती तंबूत शिरतात. रात्री तंबूची चेन पूर्ण लाव आणि बाहेर काही चरताना ऐकू आलं तर आत पडून राहा. पाणघोडे रात्रीच गवत खायला वर येतात. त्यांच्या आणि नदीच्या मधे सापडणं फार वाईट. त्यामुळे संध्याकाळनंतर चहा बेतानं.

मलेरियाच्या गोळ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. त्या जाण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही चालू ठेवायच्या, कोणती गोळी आहे त्यावर सात दिवस किंवा चार आठवडे. डॉक्टरला आत्ताच भेट. लोक घरी आले की पाकीट कपाटात टाकतात. नंतर कधीही, अगदी दोन-तीन महिन्यांनीही ताप आला तर दवाखान्यात पहिलं वाक्य ‘मी झांबेझीच्या खोऱ्यात जाऊन आले’ हेच बोल आणि त्याच दिवशी रक्त तपासून घे.

नवा आराखडा झाला की पाठव. बॅग भरल्यावर तिचं वजनही कळव.

तुझी,
मावशी