वायफायचा पासवर्ड ठेवलाय कुठं?

मे महिना आणि दिवाळीची सुट्टी, या दोन वेळी राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीपेक्षा एकच चौकशी जास्त होते. पाहुणे येतात, पांढऱ्या रश्श्याची दुसरी वाटी संपायच्या आत भाचा विचारतो, 'मामा, वायफायचा पासवर्ड काय?' आणि अख्खं घर एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतं. या वेळी आलेले प्रश्नही त्यातलेच.

वायफाय मुलानं बसवून दिलं, तो आता पुण्यात नोकरीला आहे. घरच्या कॉम्प्युटरवर नेट चालतं, पण नवा फोन पासवर्ड मागतो. मुलालाही तो आठवत नाही. कॉम्प्युटरमधून काढता येईल का?
*निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ*

येईल सर, आणि पाच मिनिटांत येईल. बँकेच्या साइटवर विसरलेला पासवर्ड कुणी दाखवत नाही, कारण तिथं मूळ पासवर्ड ठेवलेलाच नसतो, त्याचा नुसता ठसा असतो, ज्यावरून मूळ परत काढता येत नाही. वायफायचं वेगळं आहे. जोडणी करताना कॉम्प्युटर आणि राउटर (वायफाय देणारा डबा) दोघांनाही तीच खूण, म्हणजे पासवर्ड, माहीत असल्याची एकमेकांची खात्री पटवावी लागते, आणि तीही ती खूण हवेत न बोलता. म्हणून कॉम्प्युटर ती स्वतःजवळ जपून ठेवतो आणि मालकानं विचारलं तर दाखवतोही.

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, एन सी पी ए, मग टिंब, मग सी पी एल असं टाइप करून एंटर मारा. जोडण्यांची चित्रं दिसतील, त्यातल्या वायफायवर दोनदा क्लिक करा. आलेल्या खिडकीत 'वायरलेस प्रॉपर्टीज', तिथं वर 'सिक्युरिटी', आणि खाली 'शो कॅरॅक्टर्स'समोरच्या चौकोनात टिक. काळ्या ठिपक्यांच्या जागी पासवर्ड उघडा पडेल. मध्येच परवानगी मागितली तर 'येस' म्हणा. तुमचं खातं साधं असेल आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं मुलाच्या नावावर असेल, तर मात्र त्याचा पासवर्ड मागेल. तेवढा एक फोन पुण्याला करावा लागेल.

विंडोज ११ ताजी असेल तर आणखी सोपं आहे. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. पूर्वी कधी जोडलेली नेटवर्कसुद्धा तिथं सापडतात. हवं ते निवडलं की 'व्ह्यू' म्हणायचं.

उतरवून घेताना जपा. शून्य की ओ, लहान एल की एक, यात निम्मी माणसं फसतात आणि 'पासवर्ड चुकीचा निघाला' म्हणून पुन्हा दुकानात येतात. दिसतोय तो तसाच कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि अक्षरं मोठी करून वाचा. इंग्रजीतली कॅपिटल आणि लहान अक्षरंही जशीच्या तशी हवीत.

तुम्ही सांगता तसं केलं, पण वायफायचं चित्रच दिसत नाही. आमचा कॉम्प्युटर जुना आहे, नेट वायरनं येतं.
*विद्यार्थिनी, कसबा बावडा*

मग त्याच्याकडं पासवर्ड नाहीच. वायरनं जोडलेल्याला कुणी पासवर्ड विचारत नाही, त्यामुळं त्यानं तो कधी साठवलेलाही नाही.

पण वायर हीच तुमची जमेची बाजू आहे. ब्राउझरच्या पट्टीत १९२.१६८.१.१ टाका, आकडे इंग्रजी हवेत. काही राउटरांचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो. राउटरचं पान उघडेल आणि नाव-पासवर्ड मागेल. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, राउटरच्या आत शिरण्याचा आहे, आणि तो बहुतेक वेळा राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत 'वायरलेस' किंवा 'डब्ल्यूलॅन' भागात वायफायचा पासवर्ड दिसतो, नाहीतर बदलता येतो.

त्याआधी घरातला एखादा जोडलेला फोन बघा. अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनांत वायफायच्या सेटिंगमध्ये 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड येतो. दुसऱ्या फोननं तो स्कॅन केला की काम झालं. आयफोनमध्ये आयओएस १६ पासून नेटवर्कच्या नावापुढचा 'आय' दाबला की पासवर्डच वाचायला मिळतो.

शेजारी म्हणतात, राउटरच्या मागं भोक असतं, त्यात टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की सगळं पहिल्यासारखं होतं. करू का?
*गृहिणी, शाहूपुरी*

ताई, टाचणी खाली ठेवा.

शेजारी चुकीचं सांगत नाहीत. वायफायचा पासवर्ड खरोखर स्टिकरवरचा होतो. पण 'सगळं पहिल्यासारखं' म्हणजे कारखान्यातून निघाल्यासारखं. आपल्याकडं बहुतेक घरांत नेट केबलवाल्याच्या फायबरवरून येतं. जोडणी देताना त्याच्या पोरानं त्या डब्यात तुमच्या नावाचं युजरनेम, त्याचा पासवर्ड आणि बऱ्याचदा व्हीलॅनचा (केबलवाल्याच्या जाळ्यातल्या वेगळ्या मार्गिकेचा) आकडाही भरलेला असतो. टाचणीनं तेही पुसलं जातं. मग वायफाय जोडलं जातं, फोनवर सगळ्या दांड्या दिसतात आणि नेट मात्र येत नाही. काही कंपन्यांचा डबा ही माहिती आपोआप परत खेचून घेतो, पण सगळ्यांचा नाही.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या घरी मीच ऐटीत टाचणी दाबली होती. शनिवारची संध्याकाळ, केबलवाल्याचा माणूस गावी जत्रेला गेलेला. सोमवार दुपारपर्यंत त्या घरात नेट नव्हतं आणि रविवारी भारताची मॅच होती. त्या गिऱ्हाइकानं मला पैसे दिले, पण चहा विचारला नाही. कोल्हापुरात यावरून काय ते समजायचं.

अगदीच नाइलाज झाला तर आधी केबलवाल्याला फोन करून युजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, राउटरच्या स्टिकरचा फोटो काढा, मगच टाचणी. आणि फायबरची पिवळी, बारीक वायर चुकूनही उपसू किंवा वाकवू नका.

कॉलेजच्या होस्टेलचं वायफाय लॅपटॉपवर चालतं, पण 'शो कॅरॅक्टर्स' कुठं दिसतच नाही.
*वाचक, उचगाव*

दिसणारही नाही. अशा ठिकाणी बऱ्याचदा सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नसतो, प्रत्येकाला वेगळं युजरनेम आणि पासवर्ड असतो. विसरला असेल तर तिथल्या कॉम्प्युटर विभागातून नवा करून घ्या.

महाद्वार रोडजवळ आमचं छोटं यात्री निवास आहे. लक्षात राहावा म्हणून वायफायला माझा मोबाइल नंबरच पासवर्ड ठेवला आहे. चालेल ना?
*यात्री निवासचालक*

लक्षात राहतो हे खरं, पण तो तुमच्या पाटीवरही लिहिलेला आहे.

पाटी नसती तरी फरक पडला नसता. वायफायचा पासवर्ड किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असतो, म्हणजे १० आकडी नंबर नियमात बसतो. पण आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण जोडणीच्या वेळचा संवाद कुणी टिपून घेतला, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड एवढे सगळे नंबर काही तासांत लावून बघतं. पासवर्ड हवेत बोलला जात नाही असं मी वर म्हटलं, ते खरंच आहे. पण अंदाज बरोबर आला का, हे त्या संवादावरून ताडता येतं.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा: भेंडी, सायकल, पाटा, उंदीर असे. लक्षात राहतात आणि यंत्राला जड जातात. तुमचं नाव, अंबाबाई, महालक्ष्मी, कोल्हापूर १२३, हे टाळा, कारण अंदाज करणारा सुरुवात तिथूनच करतो.

शिवाय राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) असेल तर यात्रेकरूंना ते द्या. तुमचा बुकिंगचा कॉम्प्युटर आणि सीसीटीव्ही ज्या जाळ्यावर आहे, त्यात रोज नवी माणसं कशाला? गेस्टचा पासवर्ड महिन्याला बदला आणि क्यूआर कोड छापून काउंटरवर लावा.

शेजाऱ्यांचं वायफाय आमच्याकडं फुल्ल दिसतं. त्यांचा पासवर्ड काढायचं ॲप कुठलं?
*वाचक, फुलेवाडी*

मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. लबाडीनं केलं तर कलम ६६ प्रमाणं ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि 'वायफाय हॅक' म्हणून मिळणारी ॲप बहुतेक वेळा तुमचाच फोन साफ करतात.

वाटी घेऊन जा, विरजण मागा आणि बोलता बोलता पासवर्डही विचारा.