डेलिया-ग्लॅडिओलस काढायचे कधी, ट्यूलिप लावायचे कधी आणि गारठ्यात काय झाकायचं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: हिवाळ्यात डेलिया आणि ग्लॅडिओलसचे कंद जमिनीत राहू द्यावेत का, ट्यूलिप-डॅफोडिल आत्ता लावता येतील का, आणि कडाक्याच्या थंडीत बाकीची झाडं कशी जपायची.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सुप्तावस्थेतला कंद नुसत्या गारठ्यापेक्षा ओलाव्याने जास्त वेळा जातो. थंडीत माती लवकर वाळत नाही, मुळं पाणी ओढत नाहीत आणि कंद आतून कुजू लागतो. त्यामुळे कंद काढायचे की ठेवायचे हे दोन गोष्टींवर ठरतं: कंदाच्या खोलीपर्यंत माती गोठते का, आणि पाणी झटकन निचरतं का. माती गोठत नसेल आणि निचरा चांगला असेल तर डेलिया आणि कर्दळ जागेवरच राहू द्या, वर १० ते १५ सेंमी वाळलेल्या पाल्याचा थर टाका. चिकण माती असेल तर थंडी सौम्य असली तरी काढलेले बरे.

डेलिया काढायची घाई करू नका. दव गोठून पाला काळा पडला की आठवडाभर थांबा. तेवढ्यात कंदाची साल पक्की होते आणि डोळे (जिथून नवा कोंब फुटतो ते ठिपके) जरा दिसू लागतात. देठ १० ते १५ सेंमी ठेवून बाकीचा छाटा. खोडापासून ३० सेंमी अंतरावर चहूबाजूंनी माती सैल करून गड्डा खालून उचला, देठाला धरून कधीही ओढू नका. डेलियाचे डोळे बटाट्यासारखे कंदभर नसतात. कंदाची बारीक मान जुन्या खोडाला जिथे चिकटते तिथेच असतात. मान मोडली किंवा नुसती मुरगळली, तर कंद कितीही टपोरा असो, फुटणार नाही. देठ पोकळ असतो आणि त्यात साचलेलं पाणी थेट गड्ड्यात उतरतं, म्हणून गड्डे दोन-तीन दिवस उलटे ठेवून निथळू द्या. मग किंचित दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात), ४ ते १० अंश सेल्सिअसला, हवा खेळेल अशा खोक्यात ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघा: सुरकुतले असतील तर हलकासा शिडकावा, बुरशी दिसली तर तेवढा भाग चांगल्या गाभ्यापर्यंत कापून टाका.

ग्लॅडिओलसचं नेमकं उलट आहे, त्याला कोरडं ठेवायचं. फुलं संपल्यावर साधारण सहा आठवड्यांनी पाला पिवळा पडतो, तेव्हा काढा आणि देठ कंदालगत कापा. दोन-तीन आठवडे हवेशीर जागी वाळवले की नव्या कंदाखालचा जुना, सुकलेला कंद हाताने पिळून सहज सुटतो. तो काढून टाकाच, रोग त्याच्यातूनच पुढच्या हंगामात येतो. मऊ किंवा डाग पडलेले कंद ठेवू नका. भोवतीचे मण्याएवढे बारीक कंद वेगळे लावा. फुलावर यायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. साठवण जाळीच्या पिशवीत, थंड जागी.

ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथ लावायची वेळ म्हणजे माती थंड झाल्यावर, पण गोठण्याआधी. टोक वर ठेवून, कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावा. चांगल्या फुलासाठी साधारण १२ ते १६ आठवडे २ ते ७ अंशांची थंडी मिळावी लागते. ती जमिनीत मिळत नसेल तर कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, मात्र फळांच्या शेजारी नको. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कंदाच्या आतली कळी मरते. मग पानं येतात, फूल येत नाही. लिलीच्या कंदाला वर कोरडं साल नसतं, ती आणल्या आणल्या लावून टाका.

आता झाकणं. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर अंदाज ३-४ अंशांचा असला तरी पानांवर दव गोठू शकतं, कारण उघडं पान भोवतालच्या हवेपेक्षा जास्त थंड होतं. अशा दिवशी दुपारीच मातीला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. संध्याकाळी काठ्यांवर जुनी चादर टाका आणि तिच्या कडा जमिनीपर्यंत पोचू द्या. ऊब मातीतून वर येते, त्यामुळे कापड खोडाभोवती घट्ट बांधलं तर त्या उबेचा फायदाच मिळत नाही. प्लास्टिक वापरलंच तर पानांना टेकू देऊ नका. टेकलेली पानं हमखास करपतात. ऊन आलं की झाकण काढा.

कुंडीत मुळांना थंडी चारही बाजूंनी लागते. म्हणून झाडापेक्षा कुंडीला गोणपाट गुंडाळा, कुंड्या भिंतीशी एकत्र ठेवा, खालच्या ताटल्या काढून घ्या. नत्राचं खत थंडीच्या दीड-दोन महिने आधीच थांबवा, नाहीतर कोवळी फूट पहिल्याच गारठ्यात जळते. जळलेल्या फांद्या लगेच छाटू नका, त्या खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. वसंतात नवे डोळे फुगले की नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं दिसेल तिथल्या डोळ्याच्या जरा वर छाटा.