शुगर निघाली, आता भाजी कोणती आणायची?

दादा, शुगर निघाली म्हणून भाज्यांची धास्ती घेऊ नका. मेथी, शेपू, माठ, दोडका, पडवळ, गवार, भेंडी, कोबी पोटभर खा. अर्धं ताट या भाज्यांनी आणि कोशिंबिरीनेच भरू द्या. जपून खायचं ते बटाटा, रताळं, सुरण. 100 ग्रॅम बटाट्यात साधारण 17 ग्रॅम कर्बोदकं, तेवढ्याच पालकात चारेक. त्यामुळे बटाट्याची भाजी असेल त्या दिवशी एक पोळी कमी करा. उपवासाला साबुदाणा आणि वर बटाटा, हे तर नकोच.

दोडका घेताना नखाने टोचून बघा, कोवळा असेल तर नख लगेच रुततं. वरच्या शिरा टाकू नका, तीळ घालून चटणी करा. गवारीची शेंग वाकवल्यावर कटकन मोडली पाहिजे. आणि भाजीत गूळ घालायची सवय असेल तर ती सोडा.

कारल्याच्या रसाच्या नादी लागून गोळ्या मात्र बंद करू नका. गोळ्यांवर रस प्यायलात तर शुगर फार खाली जाऊ शकते. त्यापेक्षा कारल्याची भाजी खा. दुधी चिरल्यावर चाखून बघा, कडू लागला तर थुंकून टाका, तसला दुधी विषारी असतो. किडनीचा त्रास असेल तर पालेभाजी किती खायची, हे आधी डॉक्टरांना विचारा.