डेथलॉकचे जुने अंक घेताना

मार्व्हल कॉमिक्समधला अर्धा माणूस, अर्धा यंत्र असलेला डेथलॉक पुन्हा वाचायचाय ना? मग ‘अस्टॉनिशिंग टेल्स’ या कॉमिकचे अंक २५ (१९७४) ते ३६ जमव. २९वा सोड, त्यात दुसरीच जुनी गोष्ट पुन्हा छापलीय. २५वा महाग पडतो, तो शेवटी घे. पानं पिवळी असली तरी चालतील. पण त्या काळी मुलं आतले व्हॅल्यू स्टॅम्प (जमवायची छापील चित्रं) कापून घ्यायची, तेव्हा पानं शाबूत आहेत ना, हे आधी विचार.

वाचताना घाई नको. मेलेला सैनिक ल्यूथर मॅनिंग, म्हणजेच डेथलॉक, आणि त्याच्या डोक्यातला कॉम्प्युटर यांची जुगलबंदी हीच खरी मजा. शिवाय रिच बकलरची चित्रं! ३६व्यात गोष्ट लोंबकळतेच. पुढचे धागे १९८३च्या ‘कॅप्टन अमेरिका’ २८६ ते २८८ मध्ये सापडतील. नव्वदीतला डेथलॉक, मायकल कॉलिन्स, हा वेगळा माणूस, तो नंतर.