एल अँड टीकडे लाखो कोटींची ऑर्डर बुक (मिळालेली, पण अजून पूर्ण व्हायची कामं) आहे, मग शेअर घ्यायला हरकत काय?

पहिलाच शेअर घेताय, कंपनी बुडणारी नाही, हातात एवढी कामं आहेत, मग आणखी बघायचं काय, असा तुमचा प्रश्न आहे. बुडण्याची भीती मलाही वाटत नाही. १९३८ साली दोन डॅनिश इंजिनिअरांनी मुंबईत सुरू केलेली कंपनी आहे, अटल सेतूपासून कोस्टल रोडपर्यंत तिचं काम आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण नुसती ऑर्डर बुक बघून शेअर घेणं म्हणजे लग्नपत्रिका वाचून संसार सुखाचा ठरवण्यासारखं आहे.

आधीच सांगतो, मी सेबीचा (शेअर बाजाराच्या नियामकाचा) नोंदणीकृत सल्लागार नाही आणि हा शेअर माझ्याकडे आहे. माझं बोलणं त्या हिशेबाने घ्या.

मी एका कंत्राटदार कंपनीत (ही नव्हे) बिलिंगला होतो. काम मिळाल्याचे पेढे पहिल्या दिवशी वाटले जातात, पैसा मात्र आरए (रनिंग अकाउंट) बिलातून, म्हणजे झालेल्या कामापुरत्या टप्प्याटप्प्याच्या बिलातून येतो. महिनाअखेरीला साइटवर मोजमाप होतं, क्लायंटचा माणूस आणि कन्सल्टंट दोघं बरोबर फिरतात. मग कन्सल्टंट एखाद्या आयटमवर लाल रेघ मारतो, बिल परत येतं, पुन्हा जातं. मंजूर झालं की त्यातून आधी दिलेला अ‍ॅडव्हान्स कापला जातो, टीडीएस जातो आणि रिटेन्शन म्हणून पाच-दहा टक्के क्लायंट स्वतःकडे ठेवतो. ते काम संपून दोषदायित्वाची मुदत (ज्या काळात कामातले दोष कंत्राटदारानेच दुरुस्त करायचे) उलटेपर्यंत हातात पडत नाहीत. तोवर सिमेंटवाला, सळईवाला आणि मजुरांचा ठेकेदार थांबत नसतात. त्यामुळे नफा कागदावर दिसतो आणि बँकेच्या खात्यात नाही, असं या धंद्यात सर्रास होतं.

म्हणून वार्षिक अहवाल उघडलात की अध्यक्षांचं पत्र आणि चकचकीत फोटो ओलांडून थेट कॅश फ्लो स्टेटमेंटवर जा. कामकाजातून आलेली रोकड चार-पाच वर्षांची ओळीने लिहून काढा, शेजारी निव्वळ नफा लिहा. मग येणी आणि 'कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅसेट्स' बघा. म्हणजे काम केलंय पण बिल अजून लागलेलं नाही, असे पैसे. हे विक्रीपेक्षा वेगाने फुगत असतील तर ऑर्डर बुक कितीही मोठी असो, मी हात आखडता घेतो.

मार्च २०२५ अखेर ऑर्डर बुक सुमारे ५.७९ लाख कोटी होती. त्या वर्षाची एकत्रित (उपकंपन्या धरून) विक्री सुमारे २.५६ लाख कोटी आणि निव्वळ नफा १५ हजार कोटींच्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे सहाच्या आत. प्रकल्पांच्या धंद्यात घसारा, व्याज, कर जाण्याआधीचं मार्जिनच आठ-सव्वाआठ टक्क्यांचं आहे, तेव्हा स्टीलचा भाव वर गेला किंवा जमीन ताब्यात यायला वर्ष लागलं की त्यातला मोठा घास जातो. शिवाय ऑर्डर बुकचा जवळजवळ निम्मा भाग परदेशातला आहे, त्यातही आखाताचा वाटा मोठा. सौदीने तेल-वायूवरचा खर्च आवरता घेतला तर मुंबईत बसूनही कंपनीला त्याची झळ लागते.

रोज येणाऱ्या 'मोठी ऑर्डर मिळाली' या बातम्यांचं फार मनावर घेऊ नका. कंपनी सहसा नेमका आकडा देत नाही, वर्ग सांगते. 'सिग्निफिकंट' म्हणजे १,००० ते २,५०० कोटी, 'लार्ज' म्हणजे २,५०० ते ५,०००. सिग्निफिकंट हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण अख्ख्या ऑर्डर बुकच्या तो अर्धा टक्काही भरत नाही.

दुसरीकडे, एखाद्या अ‍ॅपवर लाखभर कोटींच्या वरचं कर्ज दिसलं म्हणून घाबरूनही जाऊ नका. त्यातला मोठा हिस्सा एल अँड टी फायनान्स या उपकंपनीचा आहे, आणि कर्ज घेऊन कर्ज देणं हाच तिचा व्यवसाय. एकत्रित आणि स्वतंत्र (स्टँडअलोन) असे दोन्ही ताळेबंद शेजारी ठेवले की हे लगेच उलगडतं. एलटीआयमाइंडट्री (आयटी), एलटीटीएस (एल अँड टी टेक्नॉलॉजी सर्व्हिसेस) आणि फायनान्स या तिन्ही उपकंपन्या शेअर बाजारात स्वतंत्रपणे नोंदलेल्या आहेत. त्यांच्या बाजारभावात एल अँड टीचा जो वाटा येतो तो एकूण बाजारमूल्यातून वजा करा. उरलं ते तुम्ही बांधकाम-उत्पादनाच्या धंद्यासाठी मोजताय. हे गणित मी दर निकालानंतर करतो. पी/ई (भाव शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते) बघण्यापेक्षा मला ते जास्त उपयोगी वाटतं, कारण आयटी आणि बांधकाम यांची सरासरी काढून काहीच कळत नाही.

घ्यायची वेळ आली की ऑर्डर 'डिलिव्हरी'चीच आहे ना ते बघा, चुकून इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकायची) नको. मार्केट ऑर्डरऐवजी लिमिट लावा, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावापेक्षा महाग खरेदी होणार नाही. सगळे पैसे एकदम न घालता तीन-चार तिमाही निकालांवर विभागून घातले तर प्रत्येक वेळी कॉनकॉलची (निकालानंतर व्यवस्थापन आणि विश्लेषक यांच्यात फोनवर होणाऱ्या चर्चेची) ट्रान्सक्रिप्ट वाचणं आपोआप होतं. ती बीएसईच्या साइटवर फुकट मिळते. विश्लेषक वर्किंग कॅपिटलबद्दल (रोजच्या कामात अडकलेल्या पैशाबद्दल) काय विचारतात आणि व्यवस्थापन त्याला सरळ उत्तर देतं का, तेवढा भाग आधी वाचा. आणि डिव्हिडंडच्या आशेने घेत असाल तर राहू द्या. २०२४-२५ साठी शेअरमागे ३४ रुपये दिले, म्हणजे भावाच्या एक टक्क्याच्या आसपास, त्यावरही तुमच्या स्लॅबप्रमाणे कर.